कुरळं मांजर विकत घेण्याआधी

राळेगावातल्या मांजरप्रेमींनो, मोबाइलवर कुरळ्या केसांची मांजरं पाहून तसं पिल्लू घ्यावंसं वाटलं, तर आधी एवढं वाचा.

कॉर्निश रेक्स ही जात १९५० साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, शेतावरच्या साध्या मांजरीच्या एका कुरळ्या पिल्लापासून सुरू झाली. अमेरिकेतली लापर्म १९८२ साली ओरेगनमधल्या एका शेतावर जन्मली. सेलकर्क रेक्सची पहिली मांजरी १९८७ साली मोंटानातल्या बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेली होती. म्हणजे या साऱ्या साध्या मांजरांच्याच लेकी. प्रत्येक जातीत एकेका जनुकातल्या बदलामुळे केस वळले. कॉर्निश रेक्स आणि डेव्हन रेक्स ही आणखी एक कुरळी जात, या दोघींचं अंग विरळ केसांचं असतं, त्यामुळे त्यांना कडक ऊन सोसत नाही. आपल्याकडचा मे महिना त्यांच्यासाठी नाही.

ज्यांना खरोखर घर हवंय, ती पिल्लं आपल्या कोठ्यात आणि कापसाच्या गंजीआड आहेत. त्यातलंच एक पाळा आणि त्याची नसबंदी करा. मांजरी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहते. मग नकोशी पिल्लं पोत्यात घालून गावाबाहेर सोडली जातात. प्राण्याला उपासमारीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

सुरुवात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापासून करा. मांजराची नसबंदी इथं होते का, भूल द्यायची सोय आहे का, हे थेट विचारा. नसेल तर यवतमाळला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, नाहीतर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. आधी फोन करून दिवस ठरवा आणि मांजर किती तास उपाशी ठेवायचं, तेही विचारून घ्या. नेताना झाकणाची टोपली किंवा पिंजरा हवाच. बोक्याचीही नसबंदी करा. त्याचं भटकणं, भांडणं आणि घरभर मुतणं कमी होतं. भटक्या मांजराच्या नसबंदीच्या वेळीच डॉक्टरांकडून कानाचं टोक किंचित कापून घ्या, म्हणजे नसबंदीसाठी ते पुन्हा कुणी पकडून नेणार नाही.

पिल्लू एकटं दिसलं की लगेच उचलू नका. आई तासन्‌तास शिकारीला जाते, म्हणून लांबून वाट पाहा. ती आलीच नाही, तर पिल्लाला ऊब द्या, गाईचं दूध देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. वर्ध्याजवळ पिपरीचा करुणाश्रम जखमी प्राण्यांची देखभाल करतो. नेण्याआधी तिथं जागा आहे का ते विचारा. मांजरानं ओरबाडलं किंवा चावलं, तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सरकारी दवाखाना गाठा.

गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढली, तर एका मांजरीचा खर्च कुणालाच जड जाणार नाही. या महिन्यात निदान एका मांजरीची नसबंदी करून घ्या.