फुकटचा कांदा आणि गाईचं रक्त

भाव पडला की कांदा गुरांपुढे जातो, हे काही नवीन नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळा खर्च वजा जाता हातात दोन रुपये आले होते. मग पुढची खेप कोण नेणार? चाळीतली गोलटी, कोंब आलेला माल तर असतोच. "निदान जनावरांच्या तरी पोटात जाऊ दे" म्हणत पाट्या गव्हाणीत रिकाम्या होतात.

पोटात जातो खरा, पण तिथे थांबत नाही ना! कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांपासून गाईच्या पोटात जे पदार्थ बनतात, ते रक्तात जाऊन तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन बिघडवतात. त्याच्या बारीक गुठळ्या पेशीच्या कडेला चिकटतात (यांना हाइन्झ बॉडी म्हणतात) आणि पेशी फुटायला लागतात. मूत लालसर-तपकिरी होतं, डोळ्यांच्या आतली त्वचा पांढरी पडते, दूध आटतं, चार पावलं चालली तरी गाईला धाप लागते. हे सगळं दिसतं काही दिवसांनी, त्यामुळे कांद्याची आठवणही कुणाला होत नाही. गोचीडतापातही लाल मूत होतंच, घरचे तेच धरून बसतात. डॉक्टरांना कांद्याचं सांगायचं राहूनच जातं...

"जनावराला बरोबर कळतं काय खायचं ते," हे वाक्य मला मुळीच पटत नाही. गाई कांदा आवडीने खातात. बरं, वाळवून किंवा शिजवूनही त्याचा हा गुण जात नाही. शेळ्या-मेंढ्या पुष्कळ सोसतात, गाय मात्र फार नाजूक. धनगराची मेंढरं कांद्याच्या रानात चरून टुणटुणीत राहिली, म्हणून आपल्या गाईला चालेल असं नाही.

उरलंसुरलं गुरांना घालू नये असं माझं म्हणणं नाही हं. कडबा, भुसकट, वाढे यांवर तर आपल्याकडचे गोठे चालतात. पण कांदा म्हणजे कडबा नव्हे. एकूण खाण्याच्या कोरड्या वजनात कांदा पाव हिश्शाच्या वर जाऊ नये, असं पशुवैद्यकाच्या पुस्तकांत सांगतात. मी तर म्हणेन त्याहून कमीच द्यावा, तोही कडब्यात मिसळून. गाभण गाईला नकोच. उरलेला खड्ड्यात टाकून खत करावं.

आणि हे शेतकऱ्याला सांगायचं कुणी? बाजार समितीत भोंगा असतोच. भाव कोसळलेल्या आठवड्यात त्यावरून एवढं पुकारायला काय हरकत आहे?