मेयर रोडवरील एक सकाळ



जहाजाच्या सफरीस निघालेली आपली मंडळी आम्हांस नेहमी एक प्रश्न विचारतात. सिंगापुरास जहाज सायंकाळी सुटावयाचे असते, सकाळ मोकळी असते. तेवढ्या वेळात पाहावे काय? बहुतेक लोक मरीना बे येथे जातात, सिंहमुखी मत्स्याच्या पुतळ्यापाशी छायाचित्र काढवितात आणि दुकाने पाहून परततात. त्यात वावगे काहीच नाही. परंतु आम्ही उभयतां व आमचा नातू असे तिघे गेलो असता ती सकाळ मरीन परेड या भागात घालविली. तिची हकीगत या अंकी सांगण्याचे योजिले आहे.

आरंभी दोन सूचना. सिंगापुरात सफरीच्या जहाजांचे धक्के दोन आहेत: एक हार्बरफ्रंट येथे, दुसरा मरीना साउथ येथे, जो २०१२ साली सुरू झाला. आपले जहाज कोठून सुटते ते तिकिटावर नीट पाहावे. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. येथून सुटणारी अनेक जहाजे पेनांग, पोर्ट क्लांग अशा मलेशियाच्या बंदरांस लागतात, आणि इस्राएलच्या पासपोर्टावर मलेशियात प्रवेश मिळत नाही. तेव्हा मार्ग कोणता याची चौकशी पैसे भरण्यापूर्वी करावी, धक्क्यावर पोहोचल्यावर नव्हे. सिंगापूरची गोष्ट निराळी. १९६५ साली ते स्वतंत्र झाल्यावर त्याचे सैन्य उभारण्यास इस्राएलचे अधिकारी गेले होते, आणि १९६९ पासून उभय देशांचे राजनैतिक संबंध आहेत.

मरीन परेड हे नाव ऐकून मुंबईकरास मरीन ड्राइव्ह आठवल्यावाचून राहत नाही, आणि दोहोंचे नाते नावापुरतेच नाही. मरीन ड्राइव्ह जसा बॅकबेच्या भरावावर उभा आहे, तशी ही वसाहतही समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर उभी आहे. १९६६ साली पूर्व किनाऱ्यावर भराव घालण्यास आरंभ झाला. बेडोक व सिगलाप येथील टेकड्या खणून त्यांची माती पाण्यात लोटली. सत्तरच्या दशकात त्या जमिनीवर सरकारी गृहनिर्माण मंडळाने उंच इमारती बांधल्या. सर्वस्वी भरावावर उभी राहिलेली मंडळाची ही पहिली वसाहत. २०२४ च्या जून महिन्यात भुयारी रेल्वे येथवर आली, त्यामुळे जाणे-येणे आता फार सुलभ झाले आहे.

आम्ही दोन स्थानके अलीकडे, काटोंग पार्क येथे उतरलो. तेथील बागेत इंग्रजांनी १८७९ साली बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत. रेताड जमिनीमुळे त्याचा पाया ढासळे, म्हणून लोक त्यास 'वाहून गेलेला किल्ला' म्हणत. १९०१ साली तो सोडून दिला. २००४ साली उत्खनन होऊन त्याच्या भिंती पुन्हा उजेडात आल्या. समुद्रावर पहारा ठेवण्यासाठी बांधलेल्या या किल्ल्यापासून आज समुद्र दिसत नाही. मध्ये इमारती आहेत आणि रुंद हमरस्ता आहे. कुलाब्याचा किल्ला भरतीच्या पाण्यात उभा पाहिलेल्या आमच्यासारख्यांस हे दृश्य चमत्कारिक वाटले.

बागेलगतच्या रस्त्याची पाटी नातवाने वाचली: मेयर रोड. "आजोबा, हा मेयर म्हणजे आपला यहुदी काय?" असे त्याने विचारले. होय, आपलाच. सर मनश्शे मेयर हे मूळचे बगदादी यहुदी, कलकत्त्यास वाढलेले. येथे व्यापार व जमीनजुमला यांत त्यांनी मोठी संपत्ती मिळविली आणि १९०५ साली ऑक्सले राइज येथे खेसेद-एल हे सिनेगॉग बांधिले. १९२२ साली प्रोफेसर आइन्स्टाइन यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठासाठी निधी जमविण्यास सिंगापुरात आले, तेव्हा ते या मेयरसाहेबांना भेटले होते. पुढे अंबर रोड लागतो. अंबर हे एलिआस या दुसऱ्या बगदादी घराण्याचे कुळनाव. त्याहून पूर्वेस, सिगलापकडे, फ्रँकेल अव्हेन्यू आहे. तेही एका यहुदी कुटुंबाचे नाव.

एके काळी या रस्त्यांच्या कडेने समुद्र होता. माडांच्या वाड्या होत्या आणि धनिकांचे बंगले पाण्याकडे तोंड करून उभे होते. मग महायुद्ध आले, जपानी अंमलात अनेक यहुद्यांना छावण्यांत कोंडले गेले. युद्धानंतर बरीच कुटुंबे ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका येथे निघून गेली. त्यानंतर समुद्रही निघून गेला. मागे राहिल्या त्या पाट्या. त्या पाटीखाली बसची वाट पाहणाऱ्या एका शाळकरी मुलीस नातवाने विचारले, मेयर कोण होता? ती म्हणाली, रस्त्याचे नाव आहे.

बगदादी मंडळी मुंबईस आपल्याशी किती अंतर राखून वागत, हे वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. तरीही त्या उत्तराने आम्हांस वाईट वाटले. कारण आदल्या दिवशी आम्ही वॉटर्लू स्ट्रीटवरील सिनेगॉग पाहिले होते. (तेथे जाण्यापूर्वी आगाऊ कळवावे लागते व पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो.) ते १८७८ सालचे, आणि त्याचे नाव आहे मागेन अबोथ. अलिबागच्या आपल्या सिनेगॉगचे नावही तेच! अलिबागेत ते ज्या आळीत आहे तिला लोक आजही इस्राएल आळी म्हणतात. मुंबईच्या मशीद स्थानकाचे नाव ज्या 'मशिदी'वरून पडले, ते तर आपले शआर हारहामीम, १७९६ सालचे. लोकलने रोज तेथे उतरणाऱ्या किती जणांस हे माहीत असेल?

एक फरक मात्र आहे. मेयर आणि अंबर यांनी आपली नावे गावास दिली आणि ते गेले. आपण गावांचीच नावे उचलून आणिली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. लोद, अश्दोद, दिमोना येथील दारांवरच्या पाट्यांत अर्धा कुलाबा जिल्हा नांदतो. परंतु आमचा नातू सैन्यात दाखल झाल्यापासून हे लांबलचक नाव टाकून सुटसुटीत हिब्रू नाव घेण्याचे म्हणत आहे. बरोबरीच्या मुलांस ते उच्चारता येत नाही, ही त्याची अडचण. आम्ही त्यावर रागावलो होतो. पण त्या गावाविषयी आम्ही त्याला काय सांगितले होते? काहीच नाही. त्या शाळकरी मुलीस दोष द्यावा आणि आपल्या घरच्या मुलास देऊ नये, किंवा दोघांसही द्यावा, यांपैकी काहीच आम्हांस न्याय्य वाटेना.

मरीन परेडच्या इमारती ओलांडून, हमरस्त्याखालच्या भुयारी वाटेने आम्ही समुद्रकाठच्या उद्यानात गेलो. हा किनाराही माणसाने घडविलेला, पण वारा खरा आणि झाडांची सावली दाट. समोर क्षितिजावर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांची लांबच लांब रांग दिसते. आम्ही घरून आणलेले खाणे सोडले. (काटोंगचे खाद्यपदार्थ प्रसिद्ध आहेत, परंतु त्यांत कोळंबी फार, कोशेर पाळणारांनी जपावे.) तेथे बसून नातवास नवगावची गोष्ट सांगितली: फुटलेले जहाज, किनाऱ्यास लागलेले पूर्वज, त्यांच्या कबरींची जागा, तेलाचे घाणे, शनिवार तेली हे नाव. तो जहाजांकडे पाहत ऐकत होता. शेवटी त्याने एवढेच विचारले, "तेथे जावयास किती वेळ लागतो?"

मुंबईच्या गेटवेवरून मांडव्यास लाँच जाते, सुमारे तासाभराचा प्रवास. पावसाळ्यात ती बंद असते. तेथून अलिबाग, आणि जवळच नवगाव. हे आम्ही त्याला सांगितले.

परतीस मरीन परेड स्थानकावरून गाडी थेट मरीना बेपर्यंत मिळते. तेथे गाडी बदलून पुढचे एकच स्थानक मरीना साउथ पिअर, व तेथून धक्का पायी गाठता येतो. आम्ही वेळेवर पोहोचलो. जहाजावर चढताना अधिकाऱ्याने नातवाचे आडनाव वाचण्याचा प्रयत्न केला, तो अडखळला. नातवाने ते हळूहळू, एकेक अक्षर तोडून, त्यास म्हणून दाखविले. नाव बदलावयाचे की ठेवावयाचे, हे त्याने अद्याप सांगितलेले नाही, आम्हीही विचारलेले नाही. पावसाळा सरल्यावर मांडव्याच्या लाँचेत तिघांनी बसावयाचे, एवढे मात्र ठरले आहे.