सुट्टीतले शिक्षण

परिचारिकांच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी आणि त्यासाठी १५० तासांचे निरंतर शिक्षण, ही भारतीय परिचर्या परिषदेची अट रास्तच आहे. अडते ते वेळेपाशी. घाटकोपरचे राजावाडी असो की मुलुंड-बोरिवलीतले एखादे प्रसूतिगृह, रात्रपाळी संपवून बदलापूर-विरारची लोकल पकडणाऱ्या सिस्टरने हे तास आणायचे कुठून? साप्ताहिक सुट्टीतून! मग हजेरी, चहा-समोसा, प्रमाणपत्र.

खरे शिक्षण कसे असते, याचे एक उदाहरण. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव नजरेने मोजला तर अंदाज बहुधा कमीच निघतो. तो नेमका मोजण्यासाठी बाळंतिणीखाली लावायची, खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी आपल्या शेजारच्या बेळगावात वापरली गेली. तिथल्या खेड्यांतल्या नर्स-सुईणींनी ती हाताळली आणि तिच्या मोजमापातून दिसले की, रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापले. त्या सिस्टरांना शिकवले गेले ते हातात पिशवी देऊन. स्लाइड दाखवून हे जमत नाही.

तेव्हा महापालिकेने शिक्षणाचे हे तास ड्युटीतच धरावेत, तेवढ्या वेळेपुरती बदली सिस्टर द्यावी. खासगी नर्सिंग होमनाही तोच नियम लावावा. माणसे नाहीत, हे उत्तर ऐकवण्याआधी रिक्त पदांची जाहिरात काढावी.