मिरजोळ्याचं विमान आखाताच्या वाटेवर किती कामाचं?

मस्कतहून मुंबई विमानाने जेमतेम अडीच-पावणेतीन तास. मुंबईहून रत्नागिरी रस्त्याने आठ तास, आणि पावसात किंवा गणपतीच्या गर्दीत किती, ते अल्लाहच जाणे. आखातात कुणाचा इंतकाल झाला तर मय्यत मुंबईला उतरते आणि पुढे अॅम्ब्युलन्सने याच महामार्गावरून येते. बापाच्या जनाज्याला निघालेला मुलगाही त्याच रस्त्यावर अडकतो. म्हणून मिरजोळ्याच्या विमानतळाची बातमी आली की आपल्या घरांत पहिला प्रश्न असतो, "दुबईचं विमान कधी?"

खरं सांगायचं तर, इतक्यात नाही. मिरजोळ्याची धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे आणि तिथून प्रवासी सेवा सुरू झाली तरी ती सत्तरेक आसनांच्या एटीआरसारख्या विमानांची असेल.

आणि धावपट्टी लांब असली म्हणजे झालं, असंही नाही. कन्नूरचंच बघा. तिथला विमानतळ 9 डिसेंबर 2018 ला सुरू झाला, धावपट्टी तीन किलोमीटरची, दारात आखाती प्रवाशांची रांग. तरी परदेशी कंपन्यांना तिथे उतरायची परवानगी मिळाली नाही. कोणत्या देशाच्या विमानांनी आपल्या कोणत्या शहरात उतरायचं आणि आठवड्याला किती जागा विकायच्या, हे दोन सरकारांच्या करारात ठरतं. त्यामुळे कन्नूर भारतीय कंपन्यांवरच अवलंबून राहिलं, आणि मे 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा प्रवाशांचे हाल झाले. गंमत म्हणजे बहरीन क्षेत्रफळाने रत्नागिरी जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण गल्फ एअर ही त्याची स्वतःची कंपनी आहे!

आपल्या शेजारचा धडा चिपीचा. 9 ऑक्टोबर 2021 ला मोठ्या थाटात मुंबई-चिपी विमान उडालं आणि 2024 मध्ये ती सेवा थांबली. उडान योजनेत सरकारी मदत ठरावीक मुदतीचीच असते. ती संपली की कंपनी हिशोब मांडते.

मग मागायचं काय? एकच तिकीट. रत्नागिरी ते कुवेत किंवा दोहा, एका बुकिंगवर, सामान थेट पुढे जाईल असं. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडाले. शिवाय देशांतर्गत विमानात साधारण 15 किलो सामान चालतं, आखाताच्या तिकिटावर बहुधा 30. परत येणाऱ्या माणसाने उरलेल्या बॅगा ठेवायच्या कुठे? आणि रत्नागिरीचं विमान नवी मुंबईला उतरलं आणि पुढचं सहारहून असलं, तर पुन्हा टॅक्सी आणि ट्रॅफिक आलंच.

दुसरं दार मोपाचं. कतार एअरवेज 2024 मध्ये दाभोळीहून तिथे आली, आणि फ्लाय91 ही एटीआर चालवणारी छोटी कंपनीही गोव्याचीच आहे. राजापूर, लांज्याच्या माणसाला रस्त्यानेही मोपा मुंबईपेक्षा जवळ. खेड-दापोलीवाल्यांना मात्र नवी मुंबईच सोयीची पडेल.

टर्मिनल किती चकाचक होणार, हे पुढारी सांगतीलच. आपल्या जमातींनी वेळापत्रक ठरण्याआधी निवेदन द्यावं. सकाळी रत्नागिरीहून निघालेल्याला त्याच दिवशीचं आखाताचं विमान मिळालं पाहिजे, आणि पहाटे मुंबईत उतरलेल्याला जोहरच्या आत घर गाठता आलं पाहिजे.