ग्रंथालयाचा पडदा

शैक्षणिक ग्रंथालयात अभ्यासासाठी चित्रफीत दाखवणे हा कायद्याने मान्य केलेला व्यवहार आहे आणि तो चोरीछुपे करण्याची वेळ ग्रंथपालांवर येऊ नये, असे आमचे मत आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत 3 वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवून सरकारने सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली केली. माहितीपट मात्र बाहेरच राहिले.

1957च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवू देते, पण प्रेक्षक कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित असेच हवेत. कासार आंबोलीच्या राणी लक्ष्मीबाई मुलींच्या सैनिकी शाळेत एखादा माहितीपट लावला, तर मुलींचे आईवडील तो निर्धास्त पाहू शकतात. शेजारच्या वस्तीतले शेतकरी येऊन बसले, की ही सवलत डळमळते. गंमत अशी, की त्याच गावात हौशी मंडळाने तिकीट न लावता नाटक केले तर कायद्याची हरकत नाही. ती मुभा चित्रपटाला नाही. ज्या गावात शाळेचा पडदा हाच एकमेव पडदा असू शकतो, तिथे ही भिंत निर्मात्याला काही मिळवून देत नाही आणि गावाला वंचित ठेवते.

ग्रंथपालाने स्वतःच्या खासगी ओटीटी खात्यावरून वेळ मारून नेणे हा यावरचा उपाय नव्हे. तिथे सदस्यत्वाच्या अटी आड येतात. केंद्राने विनाशुल्क ग्रामीण प्रदर्शनाला कलम 52मध्ये जागा द्यावी आणि सदस्यता योजनेच्या पुढच्या टप्प्यात माहितीपटांचे प्रदर्शन-हक्क विकत घ्यावेत. तोवर शिक्षण विभागाने काय चालते नि काय नाही, हे एका पानाच्या मराठी परिपत्रकात स्पष्ट करावे.