बियाण्याच्या जालन्यात जैवविविधतेचा खर्च कोणी उचलायचा?

‘जैवविविधता वाचवा’ म्हटले की आपल्यापैकी अनेकांना वाघ, अभयारण्य किंवा पश्चिम घाट आठवतो. जालन्याच्या कोरडवाहू शेतीशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण राज्यात जैवविविधतेच्या भांडवलावर उभे राहिलेले शहर कोणते असे विचारले, तर मी जालन्याचे नाव घेईन. कारण बियाणे उद्योगाचा कच्चा माल जैवविविधता हाच आहे. तो माल जपण्याचा खर्च आज कोण करतो आणि कोणी करायला हवा, ते या लेखात पाहू.

सुरुवात भेंडीपासून

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको कंपनी सुरू केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कंपनी स्थापन होण्यापूर्वी त्यांनी ज्या बियाण्यावर काम सुरू केले, त्यात भेंडीचा ‘पुसा सावनी’ हा वाण होता. त्या काळी भेंडीवर हळद्या म्हणजे यलो व्हेन मोझॅक हा विषाणूजन्य रोग मोठे नुकसान करत होता. पुसा सावनी त्याला तोंड देऊ शकत होता, म्हणून त्याच्या बियाण्याला मागणी आली.

पुसा सावनीत ही ताकद कोठून आली? दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी ‘पुसा मखमली’चा संकर पश्चिम बंगालमधून गोळा केलेल्या ‘आयसी-१५४२’ या स्थानिक नमुन्याशी केला होता. रोगाशी टिकण्याचा गुण त्या बंगाली भेंडीतला होता. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती भेंडी लावली आणि तिचे बी राखले, म्हणून शास्त्रज्ञांना ती मिळाली.

काही वर्षांत पुसा सावनीही हळद्याला बळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचा संकर भेंडीच्या नात्यातील ‘अबेलमोशस मॅनिहॉट’ या दुसऱ्या प्रजातीशी करून १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. पुढे तिचीही प्रतिकारशक्ती ओसरत गेली. रोग बदलत राहतो, त्यामुळे पैदासकाराला दर काही वर्षांनी नवा जनुक शोधावा लागतो. तो स्थानिक वाणात किंवा रानटी नातेवाईकात मिळतो. ते वाण नाहीसे झाले, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिला काम करायला साहित्य उरत नाही.

बाजरीने दिलेला धडा

विविधता कमी झाली की काय होते, हे मराठवाड्यातील जुन्या शेतकऱ्यांना बाजरीमुळे माहीत आहे. १९६५ मध्ये ‘एचबी-१’ हा बाजरीचा पहिला संकरित वाण आला आणि त्यामागून एचबी मालिकेतील इतर वाण आले. उत्पादन वाढले. पण या वाणांची मादी ओळ एकच होती, अमेरिकेतून आलेली ‘टिफ्ट २३-ए’. ती गोसावी म्हणजे केवडा रोगाला बळी पडणारी निघाली. १९७०-७१ मध्ये देशाचे बाजरी उत्पादन सुमारे ८० लाख टन होते. त्यानंतर रोगाची साथ आणि दुष्काळ दोन्ही आले आणि १९७४-७५ पर्यंत ते निम्म्याहूनही खाली गेले.

त्याच सुमारास, १९७० मध्ये, अमेरिकेत मक्याचे असेच झाले. तिथल्या बहुतांश संकरित मक्यात एकाच प्रकारचे ‘टी’ पेशीद्रव्य होते. करप्याच्या एका नव्या प्रकाराने त्या वर्षी सुमारे १५ टक्के पीक खाल्ले.

बाजरी सावरली, ती पुन्हा विविधतेच्याच आधाराने. इक्रिसॅटचा ‘डब्ल्यूसी-सी ७५’ हा वाण १९८२ मध्ये आला. तो अनेक ठिकाणच्या बाजरीच्या नमुन्यांतून नायजेरियात तयार केलेल्या ‘वर्ल्ड कंपोझिट’मधून निवडला होता. साथीच्या काळात तोटा शेतकऱ्याने सोसला, उपाय मात्र जपून ठेवलेल्या वाणांतून निघाला. ते वाण जपणाऱ्यांना त्याचा मोबदला कोणी दिला नाही.

कांदा बियाणे आणि मधमाशी

आता आपल्या शेतातले उदाहरण घेऊ. जालना आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात कांदा बीजोत्पादन करणारे अनेक शेतकरी आहेत. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर कोणीतरी न्यावे लागतात. पराग चिकट असतात, नुसत्या वाऱ्याने ते काम होत नाही. संकरित बियाण्यात तर नर ओळीतले पराग मादी ओळीवर जावे लागतात. हे काम मुख्यतः मधमाशी करते.

टोमॅटो किंवा मिरचीच्या शेडनेटमध्ये हाताने परागीकरण करायला मजुरीचा किती खर्च येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो फुले असतात आणि ती काही आठवडे टप्प्याटप्प्याने उमलतात. ते काम हाताने करता येणार नाही. मधमाशी ते फुकट करते, म्हणून तिचा खर्च कोणाच्याच हिशेबात नसतो.

आग्या, सातेरी आणि फुलोरी या आपल्याकडच्या मधमाश्यांना राहायला झाड किंवा कपार आणि वर्षभर फुलोरा लागतो. बांधावरची बाभूळ, कडुनिंब, करंज, जांभूळ, बोर ही झाडे तुटली की जानेवारी ते मार्चच्या कांदा फुलोऱ्याबाहेरच्या महिन्यांत माशीला खायला उरत नाही. त्यात फुलकिड्यांसाठी ऐन फुलोऱ्यात दिवसा फवारणी झाली तर उरलेली माशीही मरते. मग गोंडे मोठे दिसतात, पण त्यात दाणा भरत नाही.

जगाचा हिशेबही असाच आहे. आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१६ च्या अहवालानुसार जगातील तीन चतुर्थांश प्रमुख अन्नपिके काही अंशी तरी परागीभवन करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत. या सेवेशी थेट जोडलेल्या पीक उत्पादनाची वार्षिक किंमत २३५ ते ५७७ अब्ज डॉलर धरली आहे.

मग कंपन्या स्वतःहून खर्च का करत नाहीत?

गावातल्या सामाईक विहिरीचा विचार करा. पाणी सगळे भरतात, पण गाळ काढायची वेळ आली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. एका कंपनीने खर्च करून स्थानिक वाण किंवा मधमाश्या जपल्या, तर फायदा शेजारच्या कंपनीलाही होतो. म्हणून कोणीच पुढे येत नाही. बीजोत्पादनाच्या करारात उगवणक्षमता, शुद्धता आणि दर यांचा उल्लेख असतो. परागीभवनाची जबाबदारी मात्र न बोलता शेतकऱ्यावर येते. बी कमी भरले तर तोटाही त्याचाच.

कायद्याने ही कोंडी काही अंशी फोडली आहे. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये झाला, त्यातील २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. जैविक संसाधनांचा व्यापारी वापर करणाऱ्याने लाभाचा वाटा द्यावा, असे हा कायदा सांगतो. पण ‘व्यापारी वापर’ या व्याख्येतून शेतीतील पारंपरिक पैदास पद्धती वगळलेल्या आहेत. औषधी वनस्पती वापरणाऱ्या कारखान्याला हा वाटा लागू होऊ शकतो, पण नेहमीच्या पैदाशीतून वाण काढणारी बियाणे कंपनी बहुतांशी त्याबाहेर राहते. ही सूट शेतकऱ्याला आणि पैदासकाराला मोकळीक मिळावी म्हणून आहे आणि ती असावी. मात्र त्यामुळे स्थानिक वाण जपण्यासाठी पैसा दुसऱ्या मार्गाने आणावा लागेल.

तो मार्ग उपलब्ध आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करायची असते. वनस्पती-प्राणी संरक्षण आणि पर्यावरण संतुलन हे त्यातील मान्य विषय आहेत. बियाणे कंपनीने हा पैसा बांधावरची झाडे आणि गावातील बियाणे बँक यांवर लावला तर तो तिच्याच कच्च्या मालाची तरतूद ठरतो. बीजोत्पादकांच्या शेतात ठेवायच्या मधपेट्या तर तिने उत्पादन खर्चातच धराव्यात.

सरकारची जबाबदारी

सामाईक विहिरीचा गाळ शेवटी ग्रामपंचायतीला काढावा लागतो, तसे इथे सरकारचे आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोष’ प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले. केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १० लाख नमुन्यांची दुसरी राष्ट्रीय जनुक पेढी जाहीर केली. दोन्ही निर्णय चांगले आहेत. पण शीतगृहातले बी जसे ठेवले तसेच राहते. शेतात लावलेला वाण बदलत्या पावसाशी आणि रोगाशी जुळवून घेत राहतो. त्यामुळे शीतगृहाइतकाच खर्च शेतात वाण राखणाऱ्या शेतकऱ्यावर व्हायला हवा. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना त्यांच्या बियाणे बँकेच्या कामासाठी २०२० ची पद्मश्री मिळाली. असे काम एखाद्या व्यक्तीच्या जिद्दीवर सोडून चालणार नाही, त्याला दरवर्षीची तरतूद लागते.

तुम्ही काय करू शकता?

- ग्रामसभेत विचारा: प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. नोंदवहीत तुमच्या गावातील ज्वारी, तूर, वाल, कारळे यांचे जुने वाण आहेत का ते पाहा. नसतील तर नोंदवून घ्या.
- वाणाची नोंदणी करा: पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ नुसार शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. त्या वाणापासून कंपनीने नवा वाण काढून नोंदवला तर राष्ट्रीय जनुक निधीतून लाभाचा वाटा मागता येतो. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे यासाठी चौकशी करा.
- करारात मधमाशी आणा: एकटा शेतकरी हे करू शकत नाही, पण उत्पादक गट किंवा कंपनी करू शकते. कांदा बीजोत्पादनाच्या करारात मधपेट्यांचे भाडे बियाणे कंपनीने द्यावे अशी अट मागा.
- पेटी वेळेवर ठेवा: कांद्याचा मकरंद मधमाशीला फारसा आवडत नाही. सुमारे १० टक्के फुले उमलल्यावर पेट्या आणा. आधी आणल्या तर माशी दुसऱ्या फुलोऱ्याकडे वळते.
- फवारणी जपून करा: फुलकिड्यांचा बंदोबस्त फुलोऱ्याआधी करा. फुलोऱ्यात फवारणी टाळता येत नसेल तर माशी परतल्यावर, संध्याकाळी उशिरा आणि मधमाशीला कमी घातक औषध निवडून करा.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनाही एक विनंती. या हंगामात कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटला भेट द्याल तेव्हा मधपेटी होती का, बांधावर झाडे किती, फुलोऱ्यात फवारण्या किती झाल्या आणि एकरी बी किती निघाले, या चार गोष्टी लिहून ठेवा. कंपनीपुढे किंवा जिल्हा नियोजन समितीपुढे मागणी मांडायची तर आपल्याच तालुक्याचे आकडे हाताशी हवेत.