टीएच्या जवानाची नोकरी कोणी सांभाळायची?

संरक्षण मंत्रालयाने ६ मे २०२५ रोजी एक अधिसूचना काढली. प्रादेशिक सेनेतील (टेरिटोरियल आर्मी, म्हणजेच टीए) अधिकारी आणि जवानांना कर्तव्यावर बोलावण्याचे अधिकार तिने लष्करप्रमुखांना दिले आणि पायदळाच्या ३२ पैकी १४ बटालियन तैनात करण्याची मुभा दिली. ऑपरेशन सिंदूरच्या धामधुमीत ही बातमी आली आणि तशीच मागे पडली. अधिसूचनेची मुदत मात्र ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. कारखान्यात, बँकेत किंवा शाळेत काम करणाऱ्या टीएच्या जवानाला या काळात कधीही बोलावणे येऊ शकते. तो जाईल, यात शंका नाही. परतल्यावर त्याची नोकरी जागेवर असेल का, याची खात्री मात्र कोणी देत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए बटालियन आहेत. १९४९ मध्ये उभी राहिलेली ही सेना मुळात कामधंदा सांभाळून देशसेवा करणाऱ्यांची. वर्षातून एकदा शिबिर आणि गरज पडली तर तैनाती, अशी तिची कल्पना. प्रत्यक्षात टीएच्या तुकड्या १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत उतरल्या आणि जम्मू-काश्मीरमध्ये दीर्घकाळ राहिल्या. इतके दिवस माणूस कामावर नसेल, तर त्याची जागा रिकामी ठेवणे सोपे नसते.

कायदा नाही, असे नव्हे. प्रादेशिक सेना अधिनियम, १९४८ च्या कलम ७-अ नुसार अशा कर्मचाऱ्याला रजा देणे आणि परतल्यावर पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर घेणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. ते टाळण्यासाठी आधीच नोकरीवरून काढले, तरी मालक सुटत नाही. पण तक्रार झाल्यावर कायद्याने नेमलेले प्राधिकरण मालकाला सूटही देऊ शकते. भरपाईला कमाल सहा महिन्यांच्या पगाराची मर्यादा आहे आणि आदेश मोडणाऱ्या मालकाला दंड किती, तर जास्तीत जास्त एक हजार रुपये. ज्याने सीमेवर जीव पणाला लावला, त्याच्या हक्काची ही किंमत लाजिरवाणी आहे. शिवाय हा कायदा कायम नोकरीच्या काळातला. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरच्या कामगाराला कोणी काढत नाही. त्याचे कंत्राट फक्त पुढे चालू होत नाही. त्याने कोणत्या कलमाचा आधार घ्यायचा?

तरीही सगळा दोष मालकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मोठी कंपनी एका माणसाचे काम दहा जणांत वाटून देते. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या आठ-दहा कामगारांच्या वर्कशॉपमध्ये कुशल ऑपरेटर वर्षभर गेला, तर मशीन थांबते, ऑर्डर हातची जाते. बदली माणूस शोधायचा, शिकवायचा आणि जवान परतला की त्याला घरी पाठवायचे. हा सारा खर्च आज एकट्या मालकाच्या खिशातून जातो. म्हणून मुलाखतीत टीएचे नाव निघताच त्याचे मन मागे सरते आणि जवान ती गोष्ट दडवू लागतो.

ब्रिटनने हे ओळखले. तिथे राखीव सैनिकाच्या बदली माणसाचा वाढीव खर्च सरकार देते, लहान उद्योगांना महिन्याला ५०० पौंडांपर्यंत वेगळी मदतही मिळते. ऑस्ट्रेलियाही मालकाला भरपाई देतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार एकूण पाच वर्षांपर्यंतच्या सेवेनंतर नोकरी परत मिळते आणि तक्रारीचा तपास कामगार खाते करते. सैनिकाला एकट्याने लढावे लागत नाही.

देशाच्या संरक्षणाचा खर्च देशानेच उचलायचा असतो. लहान उद्योगाला बदली कामगाराचा खर्च संरक्षण खात्याच्या तरतुदीतून मिळाला पाहिजे. त्यानंतरही जो मालक जवानाला दार बंद करील, त्याला झोंबेल असा दंड हवा आणि कंत्राटी कामगारालाही तेच संरक्षण हवे. अधिसूचनेची मुदत संपण्याची वाट न पाहता सरकारने कलम ७-अ च्या दुरुस्तीचे विधेयक आणावे आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, त्यासाठी संसदेत आग्रह धरावा.